क्लुत्सिसचे दोन तुकडे करू नका

लाकडी फळीवर रंगवलेलं एक शहर आहे. फळी फार मोठी नाही, 87 सेंटिमीटर उंच आणि 64.5 सेंटिमीटर रुंद. मधोमध एक वर्तुळ आणि त्याला छेदून, त्याला टेकून, त्यातून बाहेर झेपावणारे ठोकळे, पट्ट्या, तिरके पृष्ठभाग. तैलरंगात वाळू आणि काँक्रीट कालवलेलं आहे. म्हणजे इमारतीचं चित्र काढण्याऐवजी चित्रकाराने इमारतीचा मालच फळीवर आणून थापला आहे. रस्ता नाही, खिडकी नाही, माणूस नाही. पायाखाली जमीन नाही आणि डोक्यावर आभाळही नाही. फळी कोणत्याही बाजूने धरा, शहर तितकंच ठाम उभं राहतं. 'गतिमान शहर' हे या चित्राचं नाव, साल 1919. चित्रकार गुस्ताव्स क्लुत्सिस, लात्व्हियाच्या उत्तरेला रुयिएना गावाच्या परिसरात 1895 मध्ये जन्मलेला. चित्र सध्या ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीच्या संग्रहालयात आहे.

याच माणसाने 1930 मध्ये एक पोस्टर केलं. मोठ्या कामांची योजना पूर्ण करा, असं आवाहन त्यावर होतं. वर उचललेला एक उघडा पंजा, आणि त्याच्या आत तसेच उचललेले लहान लहान पंजे, एकावर एक, गर्दीने. सोव्हिएत पंचवार्षिक योजनेची जी मोजकी दृश्यं जगभर माहीत आहेत त्यांतलं हे एक. त्या पोस्टरमधला पंजा क्लुत्सिसचा स्वतःचा होता, त्याने आपल्याच हाताचा फोटो वापरला होता. पुढच्या काही वर्षांत त्याने स्टालिनची पोस्टरं केली, एकाहून एक मोठी. आणि 26 फेब्रुवारी 1938 रोजी, मॉस्कोच्या दक्षिणेला बुतोवो इथल्या मैदानावर स्टालिनच्या पोलिसांनी त्याला गोळी घातली. तेव्हा तो 43 वर्षांचा होता.

अशा कलावंताचं पुढच्या पिढ्यांनी काय करायचं, हा प्रश्न लात्व्हियात आज जिवंत आहे. कोणत्याही देशाला तो कधी ना कधी सोडवावाच लागतो. सोडवण्याची एक रूढ पद्धत आहे. कलेच्या इतिहासात रस असणारे 1919 चं शहर उचलतात, ते शुद्ध अमूर्त, निष्पाप, आणि पुढची सगळी पोस्टरं ही घसरण म्हणून बाजूला ठेवतात. सोव्हिएत राजवटीच्या जखमा ज्यांच्या घरात आहेत त्यांतले काही जण उलट टोकाला जातात: हा माणूस हुकूमशहाचा चित्रकार होता, बाकी काही सांगू नका. आणि मधले, दयाळू लोक म्हणतात की ज्या राजवटीची त्याने सेवा केली तिनेच त्याला मारलं, तेव्हा हिशोब फिटला. या तिन्ही उत्तरांत एकाच माणसाचे तुकडे पाडून सोयीचा तुकडा जवळ ठेवलेला आहे. माझं म्हणणं असं आहे की चित्र, पोस्टर आणि बुतोवो ही तीन वेगळी प्रकरणं नाहीत. ती एकाच भिंतीवर, एकमेकांशेजारी, पूर्ण माहितीसह लावली गेली पाहिजेत. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संग्रहालयाचं ते कर्तव्य आहे.

आधी तो या शहरापर्यंत पोचला कसा ते पाहू. 1913 मध्ये क्लुत्सिस रिगाच्या शहर कलाशाळेत शिकायला आला. शाळेचा प्रमुख होता विल्हेल्म्स पुरवीतिस, वितळत्या बर्फाची आणि ओल्या वसंताची निसर्गचित्रं काढणारा. लात्व्हियन माणूस आजही त्याच्या चित्रांत आपला देश पाहतो. दोन वर्षांत महायुद्धाची आघाडी रिगाजवळ आली आणि क्लुत्सिस सैन्यात भरती होऊन पेत्रोग्राडला गेला. जर्मनांपासून आपली भूमी राखण्यासाठी 1915 मध्ये लात्व्हियन रायफल पलटणी उभ्या झाल्या होत्या. त्यांतले पुष्कळ सैनिक 1917 मध्ये बोल्शेविकांच्या बाजूला गेले. 1918 मध्ये लेनिनचं सरकार मॉस्कोला हललं तेव्हा क्रेमलिनच्या पहाऱ्यावर हे लात्व्हियन होते, आणि त्यांत क्लुत्सिस होता. पलटणीत चित्र काढणाऱ्या सैनिकांनी आपला एक स्टुडिओ थाटला होता. तिथून तो मॉस्कोच्या नव्या, मुक्त कलाशाळांत गेला, मालेविच आणि पेवस्नर या अमूर्त कलावंतांच्या हाताखाली. पुरवीतिसच्या बर्फापासून मालेविचच्या चौकोनापर्यंतचं अंतर त्याने जेमतेम पाच-सहा वर्षांत कापलं, तेही खांद्यावर बंदूक असताना. 1920 च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या त्वेरस्कोय बुलेव्हारवर गाबो आणि पेवस्नर या भावांनी उघड्यावर प्रदर्शन मांडलं, त्यात त्याचीही कामं होती.

म्हणजे 'गतिमान शहर' एखाद्या एकांतवासी साधकाच्या खोलीत जन्मलं नाही. ते एका सैनिकाने काढलं. ज्या सत्तेच्या दारावर तो उभा होता त्या सत्तेवर त्याचा पूर्ण विश्वास होता. त्या काळात मॉस्कोत लाकूड नव्हतं, भाकरी नव्हती, यादवी युद्ध चालू होतं. अशा वेळी हवेत तरंगणारं काँक्रीटचं शहर रंगवणं म्हणजे 'हे आपण बांधणार आहोत' अशी घोषणा होती. मालेविचचे आकार शून्यात तरंगतात, त्यांना काहीच बांधायचं नसतं. क्लुत्सिसच्या ठोकळ्यांना वजन आहे, जाडी आहे, वाळू आहे. गुरूने ज्या आकारांना जगापासून सोडवलं होतं, त्यांनाच शिष्याने पुन्हा कामाला लावलं.

आणि ते कामाला लागलेच. या शहराची एक दुसरी आवृत्ती आहे, कागदावर चिकटवलेली. तेच वर्तुळ, तेच ठोकळे, पण आता त्यांवर छापील चित्रांतून कापलेल्या गगनचुंबी इमारती आणि कामगार आहेत. कुणी या कडेवर उभा, कुणी त्या कडेवर, सगळ्यांना सरळ पाहायचं तर कागद फिरवावा लागतो. सोव्हिएत रशियातलं हे पहिलं फोटोमोंटाज, म्हणजे कापलेले फोटो जुळवून केलेलं चित्र, असा त्याचा दावा होता. तारखांवर अभ्यासकांत वाद आहेत, पण क्रम महत्त्वाचा: रिकाम्या शहरात आधी कामगार आले. मग 1920 मध्ये, देशभर वीज पोचवण्याची लेनिनची योजना पुढे आली तेव्हा, क्लुत्सिसने आणखी एक फोटोमोंटाज केलं. पुन्हा तेच वर्तुळ आणि त्याच भौमितिक इमारती. मात्र या वेळी लोखंडी मनोरा हातात घेऊन लेनिन त्या वर्तुळावर चालत येतो आहे, बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी मोठा.

ही तीन कामं शेजारी ठेवली की घसरणीची गोष्ट टिकत नाही. 'शुद्ध कला' संपून 'प्रचार' सुरू झाला असा कोणताही दिवस क्लुत्सिसच्या आयुष्यात दाखवता येत नाही. रचना तीच आहे, वर्तुळ तेच आहे. अमूर्त शहरात माणूस नव्हता, कारण ते शहर खूप उंचावरून, योजना आखणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या उंचीवरून घर दिसत नाही, स्वयंपाक दिसत नाही, म्हातारं माणूस दिसत नाही, फक्त आकार दिसतात. ती नजर चित्रात सुंदर आहे, मी ते नाकारत नाही. मला ते चित्र मनापासून आवडतं. पण त्याच नजरेने जेव्हा लाखो शेतकऱ्यांचं आयुष्य मांडायला घेतलं तेव्हा काय झालं ते 1932-33 च्या दुष्काळात युक्रेन आणि कझाकस्तानने पाहिलं. चित्राने दुष्काळ आणला असं कुणी म्हणणार नाही. पण ज्या आत्मविश्वासाने माणसाशिवायचं शहर रंगवता येतं त्याची आणि त्या योजनांची मुळं एकच होती, हे मान्य करायला आपण का कचरावं?

1922 मध्ये त्याने केलेले आराखडे मला त्याच्या सगळ्या कामांत जास्त जवळचे वाटतात. क्रांतीचा पाचवा वर्धापनदिन आणि कॉमिंटर्नची, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेची, चौथी परिषद यांसाठी त्याने चौकात उभे करायचे मंडप काढले: लाकडी पट्ट्या, ताणलेल्या दोऱ्या, कर्णे, पडदे, पुस्तकांचे फळे. कर्ण्यातून दूरवरच्या नेत्याचं भाषण ऐकू यायचं, पडद्यावर बातम्या दिसायच्या. ही मांडणी इतकी हलकी आणि काटकसरीची आहे की गरिबीतूनच तिचं सौंदर्य निघालं आहे. बहुतेक आराखडे कागदावरच राहिले. पुढे जवळपास संपूर्ण विसावं शतक प्रदर्शनांची आणि जाहिरातींची मांडणी करणारे लोक या कल्पना वापरत राहिले. कितीतरी जणांना त्या कुणाच्या हे ठाऊकही नव्हतं. इथेही बोलणारा कर्णा एक आणि ऐकणारे अनेक आहेत, हे मात्र नजरेआड करता येत नाही.

1924 पासून तो मॉस्कोच्या व्खुतेमास या कलासंस्थेत रंगशास्त्र शिकवत होता. 1928 मध्ये मॉस्कोतल्या क्रीडास्पर्धांसाठी त्याने पोस्टकार्डांची मालिका केली, तिच्यातले उड्या मारणारे, थाळी फेकणारे खेळाडू आजही ताजे वाटतात. त्याची पत्नी वालेंतिना कुलागिना स्वतः उत्तम पोस्टर-चित्रकार होती. दोघं एकमेकांचे फोटो काढत, एकमेकांना वेगवेगळ्या भूमिकांत उभं करत आणि ती छायाचित्रं कामात वापरत. त्या घरात कात्री आणि डिंक यांना रोज काम होतं.

मग मापं बदलत गेली. 1931 च्या एका पोस्टरमध्ये स्टालिन खाणकामगारांच्या रांगेत त्यांच्याबरोबर पाऊल टाकत चालतो आहे. साधा लांब कोट, बाकीच्यांत मिसळलेला. शब्द त्याचेच होते: आपल्या कार्यक्रमाचं वास्तव म्हणजे जिवंत माणसं, तुम्ही आणि आम्ही. 1932 च्या मे दिनाला क्लुत्सिसने मॉस्कोच्या स्वेर्दलोव चौकात लेनिन आणि स्टालिन यांच्या अनेक मजली उंच छायाचित्र-आकृती उभारल्या. त्यानंतरच्या पोस्टरांत नेता आभाळ व्यापतो आणि गर्दी त्याच्या पायाशी ठिपक्यांसारखी उरते. 1920 मध्ये लेनिन मोठा होता, पण तो चालत होता, काहीतरी वाहून नेत होता. आता नेत्याला फक्त उभं राहायचं होतं.

हे सगळं त्याने भीतीपोटी केलं असं म्हणणारे आहेत. भीती होतीच. मार्च 1931 मध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीने पोस्टरांसाठी ठराव केला आणि सगळी छपाई एका सरकारी प्रकाशनाखाली आणली. एप्रिल 1932 मध्ये लेखक-कलावंतांच्या सगळ्या स्वतंत्र संघटना मोडीत काढल्या. फोटोमोंटाजवर 'आकारवादी', म्हणजे आशय सोडून आकारात रमणारं, असा शिक्का बसू लागला होता, आणि त्या दिवसांत हा शिक्का पोटावर आणि पुढे जिवावर येत असे. पण 1931 मध्ये क्लुत्सिसने फोटोमोंटाजच्या समर्थनार्थ लिहिलेला निबंध घाबरलेल्या माणसाचा नाही. त्याचं म्हणणं होतं की जुनं चित्र कारखान्याच्या आणि शेताच्या गतीला पुरं पडत नाही, कात्रीने कापलेला फोटो पुरा पडतो, आणि म्हणून ही कामगारवर्गाची खरी कला आहे. तो हे मानत होता.

विश्वास खरा असू शकतो हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नसावी. 1940 च्या दशकात मुंबईच्या गिरणगावात लाल बावट्याखाली उभ्या राहिलेल्या शाहिरांचा सोव्हिएत रशियावरचा विश्वास विकत घेतलेला नव्हता. अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला तो पोटतिडकीने. पुढे मॉस्कोत छापलेली स्वस्त, सुबक पुस्तकं वाचत आपली एक अख्खी पिढी वाढली. त्या माणसांना भाबडं ठरवून मोकळं होणं सोपं आहे, आणि तितकंच खोटं आहे. त्यांच्यासमोर उपाशी गिरणी कामगार होता आणि दूर कुठेतरी त्याचं राज्य आलं आहे असं चित्र होतं. ते चित्र तयार करणाऱ्यांत क्लुत्सिस होता. म्हणूनच त्याच्या जबाबदारीचा प्रश्न आपल्यालाही लागू होतो. जो स्वतः फसवत नाही, पण ज्याच्या हातून दूरदूरची माणसं फसतात, त्याला काय म्हणायचं?

मी त्याला निर्दोष म्हणणार नाही. त्याच्या पोस्टरांवरचे ट्रॅक्टर आणि हसरे शेतमजूर ज्या वर्षांत छापले जात होते त्याच वर्षांत गावंच्या गावं उपाशी मरत होती. छायाचित्र वापरल्यामुळे त्या पोस्टरांना पुराव्याचं बळ आलं. रंगवलेल्या चित्रावर माणूस थोडा तरी संशय घेतो, फोटोवर घेत नाही. कात्रीने एक माणूस इथून कापून तिथे चिकटवता येतो, मोठा करता येतो, शेकडो वेळा छापता येतो. आणि कात्रीने माणूस काढूनही टाकता येतो. 1930 च्या दशकाच्या शेवटी अटक झालेल्यांचे चेहरे छायाचित्रांतून नाहीसे करण्याचं काम सोव्हिएत छापखान्यांत सर्रास चाललं. क्लुत्सिसचा समकालीन रोद्चेन्को याने तर स्वतः मांडणी केलेल्या एका ग्रंथाच्या घरातल्या प्रतीत, मारल्या गेलेल्या अधिकाऱ्यांचे चेहरे शाईने काळे केले. ज्या तंत्राने कोट्यवधींची गर्दी उभी केली त्याच तंत्राने माणूस पुसता येतो, ही गोष्ट फोटोमोंटाजच्या इतिहासातून वेगळी काढता येणार नाही.

आता बुतोवो. 1937 मध्ये क्लुत्सिस पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातल्या सोव्हिएत दालनासाठी काम करून आला होता आणि न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाची तयारी चालू होती. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला गुप्त पोलिसांचा 'लात्व्हियन मोहिमे'चा आदेश निघाला. सोव्हिएत संघात राहणारा लात्व्हियन म्हणजे हेर, असं गृहीत धरून अटका सुरू झाल्या. मॉस्कोतली 'प्रोमेतेय्स' ही लात्व्हियन सांस्कृतिक संस्था कटाचं केंद्र ठरवली गेली. लात्व्हियन रंगभूमीचे नट, शिक्षक, छापखान्यातले लोक, जुने रायफलधारी, सगळे एका यादीत आले. त्या मोहिमेत 16,000 हून अधिक माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. क्लुत्सिसला जानेवारी 1938 च्या मध्यावर रात्री उचललं. त्याच्या पोस्टरांमुळे तो वाचला नाही. पण त्याच्या कलेमुळेही तो मारला गेला नाही. तो लात्व्हियन होता म्हणून मारला गेला.

'अमूर्त कलेचा हुतात्मा' म्हणून त्याला उभं करणारे याच ठिकाणी चुकतात, म्हणून हे ठासून सांगायला हवं. त्याच दिवशी, त्याच मैदानावर आलेक्सांद्र्स द्रेविन्श हाही मारला गेला. तो रशियात द्रेविन नावाने ओळखला जाई, 1889 मध्ये लात्व्हियातल्या त्सेसिसजवळ जन्मलेला. त्याने 1920 च्या आसपास अमूर्त चित्रं केली होती, मग तो निसर्गचित्रांकडे वळला. स्टालिनची पोस्टरं त्याने कधी केली नाहीत. एकाने सत्तेला सगळं दिलं, दुसऱ्याने फारसं काही दिलं नाही. दोघांचा शेवट एकाच तारखेचा. सेवेचा आणि शिक्षेचा इथे काही संबंधच नव्हता. म्हणून क्लुत्सिसच्या मृत्यूतून त्याच्या पोस्टरांना माफी मिळते असं म्हणता येत नाही, आणि पोस्टरांमुळे त्याच्या मृत्यूबद्दलची हळहळ कमीही करता येत नाही. त्याचा खून झाला. हे वाक्य स्वतंत्रपणे, कोणत्याही 'पण'शिवाय लिहिलं गेलं पाहिजे.

द्रेविनची पत्नी नाद्येझ्दा उदाल्त्सोवा स्वतः मोठी चित्रकार होती. पोलीस घरी आले तेव्हा तिने नवऱ्याची चित्रं आपलीच असल्याचं सांगितलं, म्हणून ती वाचली. कुलागिनाने क्लुत्सिसचे आराखडे, छायाचित्रं, पोस्टरं जपली. 1956 मध्ये तो निर्दोष असल्याचं सरकारने मान्य केलं, पण तो कसा गेला हे सांगितलं नाही. 1944 मध्ये हृदयविकाराने मृत्यू, अशी नोंद कुटुंबाला देण्यात आली होती. खरी तारीख आणि जागा 1989 मध्ये बाहेर आली. कुलागिना त्याच्या दोन वर्षं आधी वारली होती.

त्या काळातली कितीतरी अमूर्त कामं आज आहेत ती अशाच माणसांमुळे, आणि गेओर्ग कोस्ताकिसमुळे. मॉस्कोत जन्मलेला हा ग्रीक माणूस कॅनडाच्या वकिलातीत नोकरी करायचा आणि कुणालाही नको असलेली ही चित्रं घरोघर फिरून गोळा करायचा. त्याच काळातली चित्रकार ल्युबोव पोपोवा हिचं एक चित्र त्याला खिडकी बंद करायला ठोकलेलं सापडलं. दुसरं प्लायवुड आणून दिलं तेव्हा ते हाती आलं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्याने देश सोडला तेव्हा संग्रहाचा मोठा भाग मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहालयाकडे राहिला. उरलेला, 1,200 हून अधिक कामांचा, ग्रीक सरकारने 2000 मध्ये विकत घेतला. म्हणून लात्व्हियन सैनिकाचं शहर आता एजियन समुद्राकाठी आहे. क्लुत्सिसच्या बाकीच्या कामाचा मोठा साठा रिगाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे.

रिगात मात्र गेली काही वर्षं सोव्हिएत काळाच्या खुणांबद्दल कठोर चर्चा चालू आहे. युक्रेनवर रशियाने हल्ला केल्यानंतर जून 2022 मध्ये लात्व्हियाच्या संसदेने सोव्हिएत राजवटीचा गौरव करणारी स्मारकं हटवण्याचा कायदा केला. त्याच ऑगस्टमध्ये रिगातला सोव्हिएत सैन्याचा 79 मीटर उंच विजयस्तंभ पाडला गेला. मला तो निर्णय योग्य वाटतो. ज्या सैन्याने देश गिळला त्याचा स्तंभ रोज डोळ्यांसमोर उभा ठेवण्याची सक्ती कुठल्याही नागरिकावर नसावी. पण त्याच शहरात, जुन्या गावच्या चौकात, लाल ग्रॅनाइटमधले तीन रायफलधारी अजून उभे आहेत. 1971 मध्ये ते 'लाल' रायफलधारी म्हणून बसवले गेले. आता नावातला 'लाल' गेला आहे, आणि शेजारच्याच इमारतीत, जी त्या सैनिकांच्या संग्रहालयासाठी बांधली होती, लात्व्हियावरच्या परकीय ताब्याचा इतिहास सांगणारं संग्रहालय आहे. स्मारक आणि त्याचं खंडन एकाच चौकात आहेत. मला हे उत्तर स्तंभ पाडण्यापेक्षाही परिपक्व वाटतं, कारण ते सैनिक लात्व्हियाचेच होते, आणि त्यांची गोष्ट एका रंगात मावत नाही.

तसंच आणखी एक उदाहरण रिगाच्या मध्यभागी उभं आहे. 1935 चं स्वातंत्र्य स्मारक, लात्व्हियन माणसाच्या अभिमानाची सगळ्यात मोठी जागा. त्याचा शिल्पकार कार्लिस झाले. याच झालेने क्रांतीनंतरच्या पेत्रोग्राडमध्ये लेनिनच्या स्मारक योजनेत पुतळे केले होते. मग तो बर्लिनला गेला, तिथून मायदेशी परतला आणि त्याच्या हातून स्वतंत्र लात्व्हियाची खूण घडली. क्लुत्सिस परतला नाही. दोघांची सुरुवात एकाच भट्टीत झाली होती. झालेला आपण त्याच्या तरुणपणच्या पुतळ्यांवरून तोलत नाही, तर क्लुत्सिसला त्याच्या शेवटच्या पोस्टरांवरूनच का तोलायचं? आणि उलट, त्याच्या पहिल्या चित्रावरूनच का?

पोस्टर भिंतीवर लावणं म्हणजे त्याचा गौरव, असा आक्षेप येईल. चौकातल्या स्तंभाबाबत तो खरा आहे, कारण तिथे पाहणाऱ्याला पर्याय नसतो आणि स्तंभ उत्तर ऐकून घेत नाही. संग्रहालयाच्या भिंतीवर शेजारी दुसरी गोष्ट लावता येते. मात्र ती लावली गेली पाहिजे. दुष्काळाबद्दल, मोहिमेबद्दल अवाक्षर न लिहिता पोस्टर फक्त 'आधुनिक मांडणीचा आविष्कार' म्हणून टांगलं, तर आक्षेप घेणाऱ्यांचंच बरोबर ठरतं. उचललेले पंजे, तिरकी लाल अक्षरं, धावती गर्दी ही शैली आज कपड्यांवर, दुकानांच्या जाहिरातींत, मैफलींच्या पत्रकांवर दिसते. ती वापरणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं. सांगायची जागा संग्रहालयाची आहे, आणि तिथेच फक्त साल, माध्यम आणि लांबी-रुंदी लिहून थांबलं तर मग ती माहिती कुठून येणार?

कलेला फक्त आकार म्हणून पाहा, चरित्र आणि राजकारण बाहेर ठेवा, असं मानणारे माझे मित्र आहेत आणि त्यांच्या नजरेकडून मी पुष्कळ शिकलो आहे. काही चित्रकारांबाबत ते म्हणणं चालेलही. क्लुत्सिसबाबत ते चालत नाही, कारण त्याने स्वतःच ते नाकारलं होतं. चिकटवलेल्या 'गतिमान शहरा'वर त्याने नंतर लिहून ठेवलं की इथे वस्तुहीन कलेचा पाडाव झाला आणि फोटोमोंटाज स्वतंत्र कला म्हणून जन्मलं. आपलं शहर केवळ आकार म्हणून पाहिलं जावं हे त्याला मान्य नव्हतं, ते बांधलं जावं अशी त्याची इच्छा होती. त्याच्या चित्राला 'शुद्ध' म्हणणं हा त्याचा सन्मान नाही, त्याच्या म्हणण्याकडे केलेलं दुर्लक्ष आहे.

म्हणून थेस्सालोनिकी आणि रिगा या दोन संग्रहालयांनी एकत्र यावं, अशी माझी मागणी आहे. ग्रीसने ती फळी काही महिन्यांसाठी उत्तरेला पाठवावी. रिगाने तिच्या एका बाजूला 1920 चा चालता लेनिन लावावा, दुसऱ्या बाजूला 1930 चा पंजा आणि 1931 चा खाणकामगारांतला स्टालिन. जवळच द्रेविनचं एखादं निसर्गचित्र असावं, तारखेच्या एकाच ओळीने जोडलेलं. कुलागिनाची पोस्टरं असावीत, पत्नी म्हणून नव्हे तर चित्रकार म्हणून. आणि माहितीच्या पाटीवर सरळ भाषेत लिहिलेलं असावं: त्याने हे मनापासून केलं, त्या वर्षांत गावांत काय घडत होतं, त्याला कुणी, कोणत्या आदेशाखाली मारलं, आणि ते कुटुंबापासून किती वर्षं लपवलं. मजकूर लात्व्हियन भाषेत असावा आणि रशियनमध्येही असावा, कारण रिगात रशियन बोलणारी हजारो घरं आहेत आणि हा इतिहास त्यांचाही आहे.